मुळ्याचा पाला आणि कोबीचे घराणे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तूही काही लिही, असा मंडळातल्या बायांनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा विळीच हातात जास्त. म्हणून विळीवरच्या भाजीचाच थोडा इतिहास सांगते.

असोद्याचे नाव निघाले की कोणाला बहिणाबाईंचे माहेर आठवते, कोणाला भरताची वांगी. पण भरीत-भाकरीच्या ताटात बाजूला बसलेल्या मुळ्याची आठवण कोणी काढत नाही. हा मुळा मोठ्या घराण्यातला आहे. मोहरी, अळीव, सलगम, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सारी त्याची भाऊबंदकी. फुलोरा आलेला मुळा किंवा मोहरी पाहा. फुलाला चारच पाकळ्या, अधिकाच्या चिन्हासारख्या. हीच या कुळाची खूण.

दुसरी खूण म्हणजे झणका. पान किंवा दाणा चिरडला की आत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि तिखट वास सुटतो. किडींपासून आपला बचाव करण्याची ही रानातली युक्ती आहे.

कोबीचा मूळ पूर्वज युरोपातला. तिकडे समुद्रकाठच्या कड्यांवर आजही रानकोबी उगवते. तिला गड्डा नसतो, नुसती जाड पाने. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून बी धरले. मिटलेल्या पानांचा कोबी झाला, फुलाचा फ्लॉवर, फुगलेल्या खोडाचा नवलकोल. एकाच आईची ही लेकरे! कोबी हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. फ्लॉवरचे बी लंडनजवळच्या क्यू बागेतून आणून १८२२ साली सहारनपूरच्या कंपनीच्या बागेत लावले गेले. म्हणजे फ्लॉवर आपल्याकडे येऊन पुरती दोनशे वर्षे झाली.

मोहरी मात्र फार जुनी. सिंधमधील चन्हुदडो येथे, सिंधू संस्कृतीच्या काळच्या वस्तीत, तिचे दाणे सापडले आहेत. चरकसंहितेत कोवळा मुळा दोष घालवणारा आणि जून मुळा दोष वाढवणारा म्हटला आहे. आपण बाळंतिणीला ज्याचे लाडू देतो त्या अळिवाला भावप्रकाशात चंद्रशूर असे सुंदर नाव आहे.

आता माझी चूक सांगते. माहेरी माय मुळ्याचा पाला कधी टाकत नसे. लग्नानंतर मला पाल्याची भाजी गरिबीची वाटू लागली. पाहुणे आले की कोबी-फ्लॉवर करायचा आणि मुळ्याचा पाला बकरीपुढे टाकायचा, हाच माझा नेम. सासूबाई म्हणत, "अगं, जीव तर पाल्यात आहे." मी ऐकले नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंगात रक्त इतके कमी झाले की दोन पायऱ्या चढले तरी धाप लागे. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणात काय असते ते विचारले. मुळ्याचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि पाल्याचे काय करता?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र मान वर करवेना.

मुळ्याच्या कांद्यापेक्षा त्याच्या पाल्यात चुना, लोह आणि क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते. क जीवनसत्त्वाच्या अभावी पूर्वी दर्यावर्दी लोकांच्या हिरड्यांतून रक्त येई, माणसे दगावत. कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत खारवून आंबवलेला कोबी पिंपे भरून बरोबर घेतला होता, तो याच रोगावर उपाय म्हणून.

पाला स्वच्छ धुऊन बारीक चिरावा, भिजवलेली मुगाची डाळ घालून लसणाच्या फोडणीवर परतावा. पिळून पाणी टाकू नये. खाली उतरवल्यावर लिंबू पिळावे. त्याने लोह अंगी लागते. थायरॉईडचा विकार असेल तर या कुळातल्या भाज्या कच्च्या फार खाऊ नयेत, शिजवून बेताने खाव्यात. आणि रक्त कमी असेल तर गोळ्या घ्यायच्याच. भाजी त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

आज सासूबाई नाहीत. बाजारात भाजीवाला पाला मोडू लागला की मी त्याचा हात धरते. माझी लेक हसते, पण घरी पाला तीच निवडते. भगिनींनो, कोबी-फ्लॉवर आनंदाने खा. पण आपल्या घरचा पाला उकिरड्यावर टाकू नका, एवढीच विनंती करून माझे चार शब्द पुरे करते.