आधी पाणी, मग आडनाव



गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की आपण आधी काय विचारतो? "कुठले तुम्ही? आडनाव काय?" आपल्याला हा प्रश्न साधा वाटतो. हाच प्रश्न नऊ वर्षांच्या एका मुलाला विचारला गेला, तेव्हा काय झालं ते आज सांगते.

सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी कुटुंबासह आधी दापोलीला आणि तिथून साताऱ्याला राहायला आले. धाकटा भीमराव तिथल्या शाळेत जाऊ लागला. वर्गात त्याचं बसायचं गोणपाट वेगळं. झाडलोट करणारा गडी त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही; शिपायाने सोडलं तरच पाणी. गावात न्हावी होते, परीट होते, द्यायला पैसेही होते. तरी केस कापायची थोरली बहीण आणि कपडे धुवायच्या बहिणीच. गावाने नाकारलेलं काम घरातल्या मुली निमूटपणे करत होत्या.

१९०१ साल. आई वारली होती. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला मुलं नवे कपडे, टोप्या घालून आगगाडीने मसूरला उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. "कोण तुम्ही?" भीमरावाने भाबडेपणाने जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळालं नाही. शिदोरी जवळ असून पोरं उपाशी झोपली.

वडिलांना पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण तो प्रवास भीमराव विसरला नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो लिहून ठेवला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी सत्याग्रह केला, तोही पाण्यासाठीच.

मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी स्टेशनावर प्रश्न विचारणारे होते, पाणी देणारं कुणी नव्हतं. आपल्या गल्लीत नवं पोर खेळायला येईल, तेव्हा त्याला आधी तांब्याभर पाणी देऊ. मग नाव विचारू. आडनाव नाहीच विचारलं, तरी चालेल.