बालहृदयशस्त्रक्रियापूर्व पालकशिक्षण चित्रफिती

जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या आईवडिलांना दाखविल्या जाणाऱ्या माहितीपर ध्वनिचित्रफितींना बालहृदयशस्त्रक्रियापूर्व पालकशिक्षण चित्रफिती म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर मूल कसे दिसेल आणि घरी त्याची काळजी कशी घ्यावयाची, हा त्यांचा मुख्य विषय होय.

पार्श्वभूमी

दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांत जन्मजात हृदयदोष आढळतो. हे दोष वेळीच ओळखले जावेत यासाठी भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम राबविला जातो. त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाला. कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व सरकारी शाळांत एकदा तपासणी करतात. महाराष्ट्रात पात्र कुटुंबांना शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे साहाय्य मिळते. २०१२ मध्ये सुरू झालेली ही योजना पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ओळखली जाई. खर्चाची चिंता अशा रीतीने हलकी होत असली, तरी मनाची तयारी करण्याचे काम उरतेच.

या कामी चित्रपटाचा उपयोग जुना आहे. अमेरिकेतील मेलामेड व सीगल यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या एका मुलाचा चित्रपट आधी पाहिलेल्या बालरुग्णांची भीती कमी झाल्याचे आढळले. तो अभ्यास मुलांविषयी होता. हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण मात्र पुष्कळदा तान्ही बाळे असतात, आणि तेथे समजावून सांगावयाचे ते पालकांनाच.

आशय

सर्वांत महत्त्वाचा भाग अतिदक्षता विभागाचा असतो. शस्त्रक्रियेनंतर मूल झोपेच्या औषधांखाली असते. त्याच्या घशात श्वसनयंत्राची नळी, छातीतून रक्त व द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, मानेत वा हातात सुया आणि छातीवर उभी पट्टी असते; चेहरा सुजलेला असू शकतो. यंत्रे वारंवार वाजतात, पण प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. हे दृश्य प्रथमच पाहणारी आई खाटेपाशी हबकून जाते. म्हणून चांगल्या चित्रफितीत ते लपविले जात नाही. प्रत्येक नळी कशासाठी आहे व साधारणपणे केव्हा निघते, हे संथपणे सांगितले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाचे कारणही दाखविले जाते. भूल दिल्यावर पोटातील अन्न श्वासमार्गात जाऊ शकते, त्यामुळे रडते म्हणून बाळाला चोरून दूध पाजणे धोक्याचे ठरते. घरी परतल्यावर छातीचे हाड सांधण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून उचलावयाचे नसते. एक हात मान व पाठीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून उचलावयाचे असते. ही कृती शब्दांत वाचण्यापेक्षा पाहिल्यावर लवकर उमगते. ताप, जखमेतून स्राव, जलद श्वास, ओठ निळे पडणे किंवा दूध पिताना घाम व दम लागणे, ही रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

भाषेचा प्रश्न

भिवंडीतील टेमघर परिसराचे नाव ठाणे जिल्ह्यात मुख्यतः पाणीपुरवठ्यामुळे परिचित आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असून तेथे मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारी कुटुंबे राहतात. अशा ठिकाणी केवळ छापील मराठी पत्रक सर्वांपर्यंत पोहोचत नाही. एकच चित्रण निरनिराळ्या भाषांतील निवेदनासह वापरता येते, आणि यंत्रमागावर पाळी असल्याने रुग्णालयात येऊ न शकलेल्या वडिलांना वा घरच्या आजीला ते भ्रमणध्वनीवर पाहता येते. बाळाला प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती अनेकदा आजीच असते, हे येथे विसरून चालत नाही. निवेदनाची भाषा मात्र बोलीजवळची हवी; ‘निलयपटलदोष’ म्हणण्याऐवजी ‘हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र’ म्हटलेले अधिक समजते.

मर्यादा

चित्रफीत सर्वसाधारण माहिती देते. विशिष्ट बालकाचा दोष, जोखीम व पर्याय शल्यचिकित्सकानेच समजावून सांगावयाचे असतात. चित्रफीत दाखविली म्हणजे पालकांची संमती मिळाली, असे मानता येत नाही. ती पाहून झाल्यावर परिचारिकेने पालकांना समजलेले त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावणे आणि बाळाऐवजी बाहुली देऊन उचलण्याची रीत करून घेणे उपयुक्त ठरते.