लांडाउअर तत्त्व

माहितीचा एक बिट कायमचा पुसला असता परिसरात किमान किती उष्णता सोडावीच लागते, हे सांगणारा हा नियम आय.बी.एम.चे भौतिकीविज्ञ रोल्फ लांडाउअर यांनी १९६१ मध्ये मांडला. दोन संभाव्य अवस्थांची एकच अवस्था केली, की स्मृतिघटकाची एंट्रॉपी घटते; ती तूट ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाच्या दप्तरी उष्णतेच्या रूपाने भरणे प्राप्त होते, आणि ही रक्कम बोल्ट्समान स्थिरांक, निरपेक्ष तापमान व २ चा नैसर्गिक लॉगरिथम यांच्या गुणाकाराएवढी, म्हणजे ३०० केल्व्हिनला सुमारे २.९ झेप्टोजूल, ठरते. गणन व्युत्क्रमी (म्हणजे माहिती न पुसता उलट दिशेनेही चालवता येणारे) असल्यास ही वसुली तत्त्वतः माफ होते, हे चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये दाखविले; पुढे मॅक्सवेलच्या पिशाच्चाचे, म्हणजे दुसऱ्या नियमाला चकवू पाहणाऱ्या काल्पनिक जीवाचे, जुने कोडेही त्यांनी याच आधारे उलगडले, आणि तेच या तत्त्वाचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल. २०१२ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथील प्रयोगाने ही मर्यादा पडताळली गेली. प्रचलित संगणक तिच्याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्च करतात.