गावाचा संच, घराचा संच

टेलिव्हिजन हे तंत्र, माध्यम आणि उद्योग म्हणून एकदमच जन्माला आले, असे आपण धरून चालतो. भारतातली त्याची कुळकथा वेगळी आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा विकायला काहीच नव्हते. लोक सार्वजनिक संचांपुढे जमत. पुढे शाळांसाठी धडे आले, १९६७ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘कृषी दर्शन’ आले. अवकाशशास्त्रज्ञ विक्रम साराभाई तर उपग्रहाचा विचारच खेड्यासाठी करत होते. त्यांच्या मृत्यूनंतर तो विचार ‘साइट’ या उपग्रह-टेलिव्हिजनच्या प्रयोगात उतरला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम पोचले. गावाला संच एक, तोही सगळ्यांचा. उपग्रहाची लहर थेट पकडणारी जाळीची अँटेना तिथे उभी होती. पुढे घरोघरच्या डिशचा मोठा व्यापार ज्या तंत्रावर उभा राहिला, त्याची ही आधीची पिढी, आणि तिच्या वाट्याला बाजार आलाच नव्हता.

बाजार आला तो निर्णयाने. ‘साइट’ चालू असतानाच, १९७६ मध्ये, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आला आणि संच घराघरांत शिरू लागले. १९८४ ची ‘हम लोग’ मालिका कुटुंबनियोजनाचा संदेश कथेतून द्यावा म्हणून निघाली होती, पण तिच्या यशाने प्रायोजकांना प्रेक्षकांची किंमत कळली.

बाजार निर्णयाने आला, या म्हणण्यावर आक्षेप असा, की लोकांना करमणूकच हवी होती. सरकारी शिकवण कोण पाहणार? ‘साइट’चे कार्यक्रम वरून खाली येत, गावाला उलट बोलायची सोय नव्हती, हे खरेच. पण हा दोष बाजार नसण्याचा नाही; कोण बोलतो आणि कोणाशी, याचा आहे. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज गावच्या छोट्या प्रक्षेपकावरून गुजरातीत, तिथल्याच माणसांच्या जगण्यातले कार्यक्रम दिले जात. तिथे विषय, भाषा आणि पात्रे प्रेक्षकाच्या ओळखीची होती. लोकांना गोष्ट आवडते, एवढेच ‘हम लोग’ सिद्ध करते; ती गोष्ट जाहिरातदाराच्याच पैशावर चालली पाहिजे, असे नव्हे. लहरी सगळ्यांच्या, हे न्यायालयानेही मानले, पण उशिरा: सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले आणि त्यांच्या नियमनासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण नेमायला केंद्राला सांगितले. तोवर खासगी वाहिन्या परदेशी उपग्रहांवरून भारतीय घरांत येऊन पोचल्या होत्या.