कायदा जाणणारा बंडखोर

कर्जतहून मुरबाडकडे जातांना कशेळे लागतें. तेथून एक वाट खांडसमार्गें भीमाशंकराच्या पायथ्याशीं जाते. या मुलुखाचा इतिहास म्हटला, कीं आम्हांस प्रथम गडकोट आठवतात. परंतु याच मुलुखांतील एका वकिलाचें चरित्र अधिक मननीय आहे.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरान येथें एका गरीब नाभिक कुटुंबांत झाला. कायद्याची पदवी घेऊन ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. एवढ्यावर त्यांस सुखानें राहतां आलें असतें. पण पावसाळ्यांत दाणा संपला, कीं गरीब शेतकऱ्यास सावकाराकडे वाढीदिढीनें धान्य उचलावें लागे. त्यांच्यासाठीं भाईंनीं धान्यकोठ्या काढल्या आणि आंतल्या गांवांत शाळा सुरू केल्या.

१९४२ च्या चळवळींत या वकिलानें कायदा मोडण्याचा मार्ग धरला. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील केंद्रांची वीज याच भागांतून मुंबईस जाई. त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे सिद्धगडच्या रानांत पोलिसांनीं दस्त्यास गांठलें. भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळीबारांत धारातीर्थीं पडले. भाईंचें वय अवघें ३० होतें.

वकिलानें कायदा मोडावा काय? अमेरिकेंतील जॉन अँड्र्यू या वकिलानें १८५९ मध्यें, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनच्या बचावासाठीं खटपट केली. १८६१ मध्यें तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला आणि १८६३ मध्यें त्यानें कृष्णवर्णीयांची पलटण उभारली. लोकांच्या मतांनीं मिळालेली सत्ता हातीं असल्यानें त्यास हें राजमार्गानें साधलें. नगरपालिकेच्या उपाध्यक्षास मात्र गांवच्या दिवाबत्तीपलीकडे अधिकार तो किती? देशाचा कायदा परके करीत होते आणि त्यास येथील प्रजेची संमति नव्हती.

तथापि केवळ मनोऱ्यांसाठीं भाईंचें स्मरण करणें आम्हांस अपुरें वाटतें. बंडखोरास रानांत आसरा लागतो, आणि तो विश्वासावांचून मिळत नाहीं. हा विश्वास, आमच्या मतें, धान्यकोठ्यांनीं व शाळांनीं आधींच मिळविला होता. आज सिद्धगडास वंदन करणाऱ्यांनीं त्या कोठ्यांचेंही स्मरण ठेवावें. तें काम करण्यास बंडाची वाट पाहावी लागत नाहीं.