भालेकरी, युद्धनौका आणि भागाकार

'सिव्हिलायझेशन' या गेमच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत एक प्रकार घडायचा आणि खेळणाऱ्याचं डोकं फिरायचं. इतकी शतकं खपून बांधलेली पोलादी युद्धनौका किनाऱ्यावरच्या भालेकऱ्यांवर सोडावी, तर नौकाच बुडायची. इसवी सनाआधीचे ते भालेकरी जागच्या जागी उभे! हा बग नव्हता. युद्धनौकेचा हल्ला १८, भालेकऱ्यांचा बचाव २, बेरीज २०. बाकी काही जमेस धरलं नाही तर वीसपैकी दोन लढाया भालेकऱ्यांच्या. एकदाच फासा पडणार आणि हरेल तो पटावरून गायब.

१९९६ मधल्या दुसऱ्या भागात हे बदललं. तुकड्यांना 'हिट पॉइंट' आले आणि लढाई अनेक छोट्या फेऱ्यांची झाली. बदल किरकोळ वाटेल, पण हिशोब करून बघा. दोन सैन्यांचं बळ ६०-४० आहे असं धरू. एकाच फाशावर निकाल लावला तर बलवान बाजू शंभरात ६० वेळा जिंकेल. 'आधी दहा फेऱ्या मारेल तो विजयी' असा नियम केला, तर तीच बाजू शंभरात ८१ वेळा जिंकते. (चार ओळींचा कोड पुरतो, बारावीची संभाव्यता आठवत असेल तर तोही नको.) सैनिक तेच, आकडे तेच. फरक पडला तो नियमामुळे.

म्हणून स्क्रीनवर सैन्याशेजारी दिसणाऱ्या आकड्यापेक्षा मला त्याच्यामागच्या नियमात जास्त रस आहे. लढाई म्हणजे नेमकं काय होतं, याबद्दलची कुणाची तरी समजूत त्या नियमात असते. आणि अशा समजुती लिहून काढायचा उद्योग कंप्युटरच्या फार आधीचा आहे.

बुद्धिबळात प्याद्यानं वजीर मारला की वजीर पुरता मेला. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या योहान हेलविगनं युद्धाचा पट मांडला, त्यातल्या सोंगट्याही अशाच सबंध मरायच्या. प्रशियाच्या तोफखान्यातला लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यानं १८२४ मध्ये 'क्रीगश्पील'चे नियम छापले, तेव्हा चित्र पालटलं. चौकटींऐवजी खराखुरा नकाशा, प्रमाण १:८०००. एक चाल म्हणजे दोन मिनिटं. बंदूक किती अंतरावरून चालवली त्यावर किती माणसं पडतील याचे तक्ते, आणि नशिबासाठी फासे. पलटण एका फटक्यात मरत नव्हती, झिजत होती. आजच्या प्रत्येक गेममधल्या हिरव्या-लाल हेल्थ बारचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. शत्रूची तुकडी कुणाला दिसते आणि कुणाला नाही हे पंच ठरवायचा. दोन्ही बाजूंना पूर्ण पट कधीच दिसत नसे.

पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सनं 'टॅक्टिक्स' (१९५४) आणि नंतर ॲव्हलॉन हिल कंपनीच्या खेळांमधून हे घराघरात नेलं. हल्ल्याच्या आकड्याला बचावाच्या आकड्यानं भागा, ३:१ की २:१ ते बघा, फासा टाका, तक्त्यात निकाल वाचा. सोपं आणि चटक लावणारं.

पण भागाकार हीच तुलनेची खरी रीत आहे का? या प्रश्नाचं सगळ्यात देखणं उत्तर एका मोटारी बनवणाऱ्या इंग्रज इंजिनिअरनं दिलं. फ्रेडरिक लँचेस्टर. १९१४ मध्ये लेखमालेत आणि १९१६ मध्ये पुस्तकात त्यानं मांडलं ते असं. चिंचोळ्या खिंडीत तलवारीनं लढताना एकाला एकच भिडतो. १०० विरुद्ध ५० असतील तर ५० पडल्यावर ५० उरतील. साधी वजाबाकी. बंदुकीची गोष्ट वेगळी. तिथे सगळे शंभर जण त्या पन्नासांवर एकदम नेम धरू शकतात. समोरचे कमी होत जातात तसा त्यांचा मारा घटतो आणि आपली माणसं आणखी कमी मरतात. मग संख्येचा वर्ग मोजावा लागतो. १०० चा वर्ग १०,०००, ५० चा २,५००. वजाबाकी ७,५००, त्याचं वर्गमूळ ८७ च्या जवळ. म्हणजे ५० ला मारून ८७ जिवंत! 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये तिरंदाजांचा मोठा घोळका बघता बघता का अजिंक्य होतो, ते यात आहे.

लँचेस्टरनं हे सूत्र नेल्सनच्या ट्रफाल्गरच्या योजनेला लावलं. १८०५ च्या लढाईआधी नेल्सननं लिहिलेल्या टिपणात अंदाज होता आपली ४० जहाजं, शत्रूची ४६. वर्ग केले तर १६०० विरुद्ध २११६, सरळ हार. पण नेल्सनला शत्रूची रांग मधून तोडायची होती. मागच्या २३ जहाजांवर आपली ३२ घालायची आणि पुढच्या २३ ला अडवायला ८ ठेवायची. आता ३२ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग म्हणजे १०८८. समोर २३ चा वर्ग दोनदा, म्हणजे १०५८. पारडं फिरलं! (प्रत्यक्षात २७ विरुद्ध ३३ जहाजं लढली, पण बेत तोच.) एकही जहाज न वाढवता ताकद वाढली. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री उगाचच वेगवेगळे आकडे घालून बघत बसलो होतो.

अर्थात लँचेस्टरचं गणित धरून चालतं की लढाई होणार. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) मध्ये मराठे घेऊन खेळता येतं आणि खेळ सुरू होतो १७०० सालात. लढाईआधी दोन्ही बाजूंचं बळ दाखवणारी दोन रंगांची पट्टी दिसते. आता खरं १७०० साल घ्या. मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाकडे गेला. ती पट्टी तेव्हा लावली असती तर जवळजवळ सगळी मोगलांच्या रंगात गेली असती. पण ताराबाई आणि धनाजी जाधव मोकळ्या मैदानात उभे राहायलाच तयार नव्हते. रसद तोडायची, छावणीला सतावायचं, किल्ला दमवून दमवून सोडायचा आणि पुढे परत घ्यायचा. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला तेव्हाही दख्खनचं काम उरलेलंच होतं. जी लढाई झालीच नाही तिच्यासाठी त्या पट्टीत रंग नाही.

हे खेळापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. कुठे युद्धाची ठिणगी पडली की तासाभरात फॅमिली ग्रुपवर तक्ता येतो: रणगाडे इतके विरुद्ध इतके, विमानं इतकी विरुद्ध इतकी, 'जागतिक क्रमांक' अमुक. २०२२ च्या फेब्रुवारीत 'ग्लोबल फायरपॉवर'च्या यादीत रशिया दुसरा होता. कीव्ह काही दिवसांत पडेल असं कितीतरी जण त्या भरवशावर बोलत होते. तक्त्यातले आकडे खोटे होते असं नाही. पण त्यांच्यापुढे नियमांचं पुस्तकच नव्हतं. कोण कुठे लढणार, डिझेल कुठवर पोचणार, कोण पळणार आणि कोण नाही, यातलं काहीच नाही.

नियमांचं पुस्तक असलं तरी पंच लागतोच. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी आरमारी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर एक हकीकत लिहिली. मे १९४२ मध्ये 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची पटावर तालीम चालली होती. अमेरिकन विमानांचा हल्ला झाला, फासे पडले, आणि नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल आला. 'अकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. तालमीचा प्रमुख अ‍ॅडमिरल उगाकी यानं मध्ये पडून नऊचे तीन केले. 'अकागी' वाचली. 'कागा' बुडाली, पण पुढच्या मोहिमेच्या तालमीत तीही पुन्हा पटावर हजर झाली.

४ जूनला मिडवेजवळ दोन्ही नौका काही मिनिटांच्या अंतरानं पेटल्या. 'कागा' त्याच संध्याकाळी बुडाली. 'अकागी'ला दुसऱ्या दिवशी पहाटे जपानच्याच विनाशिकांनी टॉर्पेडो मारून तळाशी धाडलं.