कोतवालाची पंजी: भंडाऱ्यातल्या जन्ममृत्यूच्या वहीचा प्रवास

१/
भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांत जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर एक शब्द हमखास पडतो: 'कोतवाल पंजी'. तहसील कार्यालयात जपलेल्या या जीर्ण वहीत पणजोबांच्या घरी मूल जन्मल्याची ओळ सापडली, की अर्धे काम झाले असे मानतात. मात्र ही वही जात सिद्ध करण्यासाठी निर्माण झाली नव्हती. ती होती रोगराई मोजण्यासाठी.

२/
१८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा त्यातील एक जिल्हा ठरला. याच सुमारास इंग्रज सरकारला एका प्रश्नाने ग्रासले होते: हिंदुस्थानातील गोरे सैनिक लढाईपेक्षा रोगांनीच अधिक का मरतात?

३/
या प्रश्नावर नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिश्रम मोठे होते. छावणी निरोगी ठेवायची, तर भोवतालच्या वस्तीत कोण कशाने मरते हे कळले पाहिजे, हा विचार पुढे आला. प्रांतोप्रांती सॅनिटरी कमिशनर नेमले गेले. त्यांना आकडे हवे होते. पण खेड्यापाड्यांतून ते आणणार कोण?

४/
हे काम गावच्या कोतवालाकडे आले. मध्य प्रांतात त्याला कोतवारही म्हणत. रात्रीची गस्त, दवंडी, सरकारी निरोप, पाहुण्या अधिकाऱ्याची सोय ही त्याची कामे. भंडाऱ्याकडे तो बहुधा महार समाजातला असे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच हाती गावातील प्रत्येक जन्माचा आणि मरणाचा हिशेब आला.

५/
कोतवालाला अक्षरओळख क्वचितच असे. गावात काय घडले ते तो लक्षात ठेवी, वही घेऊन पोलीस ठाण्यावर जाई आणि सांगितलेले तिथला लिहिणारा टिपून घेई. तारीख, बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव पुष्कळदा नसेच, कारण बारशाआधीच नोंद झालेली असे.

६/
मृत्यूच्या नोंदीत कारणही लागे. पटकी आणि देवी कोणालाही ओळखता येत. बाकीचे बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच रकान्यात जात. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, बाळंतिणीचा ज्वर, सारे काही त्यात सामावे. तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात माणसे नेमकी कशाने दगावतात, हे या रकान्यावरून उमगणे कठीण होते.

७/
तरीही वही अगदीच निरुपयोगी नव्हती. देवीची लस टोचणारे कर्मचारी गावोगाव फिरताना जन्मनोंदी पडताळत. कोणत्या घरी नवे मूल आले आणि कोणाला लस टोचायची राहिली, हे त्यातून कळे. नोंद आणि सेवा एकाच उंबरठ्यावर भेटत, असे हे मोजके ठिकाण. एरवी आकडे ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताला जात आणि वार्षिक अहवालात विसावत. गावाकडे परत काही येत नसे.

८/
१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ आली. देशातील सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. नोंद करणारेच आजारी पडले, दगावले आणि अनेक ठिकाणी नोंदणी कोलमडली. मृत्यू सर्वाधिक होते, नेमक्या तेव्हाच वही अपुरी पडली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली.

९/
१९४६ च्या भोर समितीने जन्ममृत्यूच्या नोंदी सदोष असल्याचे नमूद करून प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६९ च्या कायद्याने देशभर एकसारखी जन्ममृत्यू नोंदणी ठरली. कोतवालाच्या जुन्या वह्या कपाटात गेल्या.

१०/
त्यांना पुन्हा बाहेर काढले संविधानाने दिलेल्या हक्कांनी. शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी यांसाठी जातीचा पुरावा लागू लागला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सांगितले.

११/
इथेच जुनी उणीव आडवी येते. वहीत 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच असते. तो मुलगा म्हणजेच आपले आजोबा, हे वंशावळ जोडून दाखवावे लागते. ज्या गावची वही वाळवीने खाल्ली, तिथल्या कुटुंबाचा हक्क खरा असूनही पुरावा दुबळा पडतो. आरोग्यासाठी मांडलेल्या वहीतला जातीचा रकाना सर्वाधिक टिकाऊ ठरला.

१२/
मग मोजणी आणि सेवा खऱ्या अर्थाने एकत्र कधी आल्या? त्याचे ठळक उदाहरण शेजारच्या गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्या जन्ममृत्यू नोंदवत, नवजात बाळाचे वजन करत आणि जंतुसंसर्ग झाल्यास घरीच उपचारही देत. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१३/
२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवले, की महाराष्ट्रातील प्रत्यक्ष बालमृत्यू शासकीय आकड्यांहून कितीतरी अधिक आहेत. २००५ मध्ये राज्याने कुपोषण रोखण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन उभारले. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता आणि आरोग्य केंद्रातली नोंद एकमेकांशी बोलू लागावीत, ही त्यामागची दिशा होती.

१४/
१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंतचा आधार ठरवला गेला आहे. या नोंदी इतर सरकारी माहितीसाठ्यांशी जोडण्याची तरतूदही कायद्यात आहे. म्हणजे एका ओळीवर आता अधिक सेवा अवलंबून राहतील. आणि ती ओळ चुकली, तर अधिक दारे बंद होतील.

१५/
भंडाऱ्याच्या कोतवालाला स्वतःच्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचता येत नव्हते. ठाण्यावर नेलेल्या त्या नोंदीतून त्याच्या गावाला ना दवाखाना मिळाला, ना औषध. आज त्याची पणती तहसीलच्या खिडकीशी उभी राहून त्याच पानाची नक्कल मागते आणि ती वाचूनही घेते.